पंच्याहत्तर रुपयांचे दोन कान

“बाऊजी, डब्बा खोलो.”

मनीमाजऱ्याच्या नाक्यावर सब-इन्स्पेक्टरने माझी स्कूटर बाजूला घेतली होती. सकाळचे दहा पन्नास. डिकीत पांढऱ्या कापडात गुंडाळून दोरीने बांधलेला स्टीलचा गोल डबा. दहशतवादाची वर्षं होती ती. चंदीगडच्या बसमध्येसुद्धा बेवारस वस्तूला हात लावू नका अशा पाट्या होत्या. त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबवलं असतं.

“साहब, खोल दिया तो सब खतम हो जाएगा,” मी म्हणालो.

वाक्य चुकलं हे त्याचा शिपाई दोन पावलं मागे सरकल्यावर माझ्या लक्षात आलं.

“इसमें है क्या?”

“सुइयाँ. बच्ची के कान छेदने की.”

“कितनी?”

“चार.”

“चार सुइयाँ, और इतना बड़ा डब्बा? सुनार तो जेब में रखता है.”

“इसीलिए मैं डब्बे में रखता हूँ.”

डबा उघडला गेला. आतली पुडकी उघडली गेली. त्याने प्रत्येक सुई, प्रत्येक बोळा बोटांनी चाचपून पाहिला, सगळं नीट परत ठेवलं आणि म्हणाला, “जाओ जी. बच्ची को प्यार देना.”

आता माझी अडचण सांगतो. मी आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त. ऑपरेशन थिएटरमध्ये अठरा वर्षं काढली. पेन्शननंतर सेक्टर बत्तीसमध्ये एक खोली घेऊन कान-नाक टोचायचं काम सुरू केलं. सोनार पाच रुपये घ्यायचा, मी दोन कानांचे पंच्याहत्तर. कारण माझं सामान स्टराइल असायचं, म्हणजे वाफेच्या दाबाखाली सगळे जंतू मारलेलं. एका कानाला एक सुई, मग ती फेकायची. उरलेल्या दोन सुया, हात घसरला तर. आणि डब्यातल्या सामानाला कुणाचं बोट लागलं की सगळं पहिल्यापासून.

कॅप्टन शिर्क्यांच्या मुलीचे कान टोचायचे होते. कोल्हापूरहून कॅप्टनच्या आईंनी मुहूर्त काढून आणला होता: अकरा चाळीस ते बारा वीस. पुढचा मुहूर्त पाच महिन्यांनी. कॅप्टनना एक दिवसाची सुट्टी. एक वाजता त्यांना न्यायला गाडी येणार होती. पाच महिन्यांनी ते कुठल्या सीमेवर असतील हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि पोरीला मांडीवर घेऊन बसायचं ते बापानेच, असा त्यांचा हट्ट.

अकरा दहाला कॅन्टोन्मेंटमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये पोचलो आणि सांगितलं, “सर, मला कुकर लागेल.”

“मोरेसाहेब, कुकरमध्ये पुरणाची डाळ आहे.”

“किती शिट्ट्या झाल्या?”

“दोन,” स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला. “अजून दोन व्हायच्यात. आन् पाव्हणं, सुया स्पिरिटात बुडवा की. आमच्याकडं सोनार धोतराला पुसतोय.”

“मावशी, मग त्यालाच बोलावलं असतं.”

“त्यो कोल्हापुरात हाय.”

डाळीच्या उरलेल्या दोन शिट्ट्यांनी सात मिनिटं खाल्ली. कुकर घासून, जाळीवर सामानाची वाटी ठेवली तेव्हा अकरा बावीस. मग मी हात पुढे केला. “बाळ्या द्या.”

“कशाला?”

“त्याही उकळायच्या. कानात जाणार ना?”

मावशींनी हळदी-कुंकवाच्या पुडीतून सोन्याच्या बाळ्या काढल्या, माझ्याकडे पाहिलं आणि मुठीत घट्ट धरल्या. “सोन्याची आमटी करतंय का काय ह्यो?”

कॅप्टन हसू दाबत म्हणाले, “आई, मोरेसाहेबांची गॅरंटी.”

“गॅरंटी ऱ्हाऊ दे. मी इथंच बसते.”

बाळ्या वाटीत टाकून मी कुकर गॅसवर चढवला आणि त्या खरंच त्याच्यासमोर पाट टाकून बसल्या. इतका चोख पहारा मला मिलिटरीतही मिळाला नव्हता. सून भांडं घ्यायला आली तर तिलाही लांबूनच जायला सांगितलं. शिट्टी मोजायची नसते, वाफ सलग फुसफुसत राहिली पाहिजे, वीस मिनिटं, एवढं मी सांगितलं. मावशी भिंतीवरचं घड्याळ बघून दर दोन मिनिटांनी ओरडून बातमी देत होत्या. बाहेर बाळ टाळ्या वाजवत होतं. कॅप्टन हातातल्या घड्याळाकडे बघत खोलीत कवायत करत होते.

अकरा बावन्न. गॅस बंद.

“नळाखाली धरू?” मावशींनी विचारलं.

“नाही. आपोआप थंड होऊ द्या. आतलं पाणी उसळलं तर पुन्हा पहिल्यापासून.”

“सव्वाबारापर्यंत थंड झालं न्हाई तर?”

“तर मी टोचणार नाही.”

“पोरीचा बाप जाणार हाय वो,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच आवाज खाली आला. मीही बघत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बारा पाचला झाकण निघालं. मावशींनी आधी बाळ्या मोजल्या. दोनच होत्या, तरी दोनदा मोजल्या. मी हात धुतले, दोन्ही पाळ्यांवर पेनाने ठिपके दिले, समोरून पाहिले, डावा एक मिलिमीटर खाली वाटला म्हणून पुसून परत दिला. बारा तेराला डावा कान, बारा सोळाला उजवा. पोरीने दोनदा भोकाड पसरलं आणि वडिलांची मिशी हातात आल्यावर थांबली. कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी होतं. मिशीमुळे, असं ते म्हणाले.

पुरणपोळी खाऊन झाल्यावर मावशी पैसे घेऊन आल्या.

“गॅस आमचा, कुकर आमचा, पाणी आमचं. राखणही मीच केली. मग पंच्याहत्तर कशाचं?”

मुद्दा बरोबर होता. मी कागदावर हिशेब केला: गॅस आणि पाणी मिळून दीड रुपया. राखणीचा दर माझ्याकडे नव्हता. साडेत्र्याहत्तर घेतले आणि पावती दिली. एक वाजता कॅप्टनची गाडी गेली. बाळ ओसरीत नव्या बाळ्या चमकवत हात हलवत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन डबे न्यायला लागलो. एक उघडून दाखवला की बहुतेक नाक्यांवर दुसऱ्याला हात लावत नसत. दर ऐंशी केला. गिऱ्हाईक विचारायचं, पाच रुपये कशाचे वाढवले? मी खरं ते सांगायचो: पोलिसांच्या डब्याचे.