सात सर्व्हिसवर जगलेला कोच

केलेमेन तिहामेरच्या आयुष्यात सांगण्यासारखं एकच घडलं. एकोणीसशे त्र्याऐंशी साली व्हॉलीबॉलच्या एका सामन्यात त्याने लागोपाठ सात सर्व्हिस मारल्या आणि एकही परत आली नाही. पुढची चाळीस वर्षं तो त्यांच्यावरच जगला. तिसा नदीकाठच्या त्या गावात लग्न असो की डुक्कर कापायचा दिवस, पालिंका दारूचा दुसरा पेला पोटात गेला की तिहामेर उठून त्या सर्व्हिस दाखवायला हात वर करायचा, आणि पाहुणे आपापल्या ताटात बघायला लागायचे.

गुडघा गेल्यावर क्लबने त्याला मुलींचा कोच केलं. उंच होता, आवाज मोठा होता. शिकवणं म्हणजे ओरडणं, ही त्याची समजूत शेवटपर्यंत टिकली. डोकं चालवायची बायको, सारोल्ता. ती एकेकाळची चांगली सेटर, दुसरीला मारायला चेंडू उचलून देणारी. मुलगा झाला आणि खेळ सुटला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माशाच्या सुपात पाप्रिका घालता घालता ती कोणत्या मुलीने कुठे उभं राहायचं ते कागदावर लिहून द्यायची. तिहामेर ते आपल्या अक्षरात उतरवून पंचांना द्यायचा. असं सव्वीस वर्षं चाललं.

यंदा लीगमध्ये टिकण्यासाठी शेवटचा सामना जिंकायलाच हवा होता. क्लबचे अध्यक्ष म्हणाले, सारोल्ताला सहायक कोच करू या. तिहामेर सगळ्यांदेखत हसला. "हिला? मग घरी सूप कोण करणार?"

सारोल्ताही हसली. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर कागद नव्हता.

"कागद कुठाय?"

"तुझा तू लिही. कोच तू आहेस ना?"

"ही काय रुसायची वेळ आहे, सारोल्ता?"

"रुसतंय कोण? सूप करतेय."

त्याने लिहिला. सगळ्यांत उंच दोन मुली त्याने शेजारीशेजारी ठेवल्या. शाळेतली पोरंही ही चूक करत नाहीत. खेळात जागा फिरत गेल्या की दोघी एकदमच जाळ्याशी यायच्या आणि एकदमच मागे जायच्या. मग जाळ्याशी उरायच्या बुटक्या, आणि समोरच्या पोरी त्यांच्या डोक्यावरून खुशाल चेंडू हाणायच्या. दोन सेट गेले.

तिसऱ्या सेटआधी तिहामेर घामाघूम होऊन प्रेक्षकांतल्या सारोल्ताच्या बाकाशी आला. "लिही पटकन."

"लिहिते. पण खाली येऊन मुलींना मी समजावणार."

"लोक बघतायत."

"बघू देत."

त्याने वर पाहिलं. औषधवाला होता, पाद्री होता, अध्यक्ष होते. तिहामेर वळला, आणि पंचांना त्याने पुन्हा तोच कागद दिला. तिसरा सेटही गेला, पंचवीस-नऊ, आणि सामनाही.

कपडे बदलायच्या खोलीत कॅप्टन बोगी रडत होती. "काकू, तुम्ही लिहून दिलं असतंत तर टिकलो असतो ना?"

"टिकला असतात."

बाहेर तिहामेर बातमीदाराला सांगत होता, "आजकालच्या मुलींना जिंकायची भूकच नाही हो."

"ऐकलंस?" सारोल्ता म्हणाली. "दिलं असतं तर हेच पुढची दहा वर्षं ऐकत बसला असतात."

बोगीने नाक पुसलं. "पण काकू, खालच्या लीगमध्ये आम्ही गेलो. कोच नाही गेले."

 सारोल्ताने ओल्या जर्सी एकेक करून उचलल्या, आणि मग नेहमीसारखं धुवायला घरी न नेता तिथेच बाकावर ठेवून दिल्या.