पेडणेकरची जीभ

अन्न जिरतं, किस्से जिरत नाहीत. आमच्या धंद्यात तर ते साचतच जातात, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात राहिलेल्या वाट्यांसारखे. कधीतरी झाकण उघडावं तर एखादा अजून ताजा निघतो आणि एखाद्याला हात लावायचा धीर होत नाही.

आमचं ऑफिस साकीनाक्याला, एका लेथवाल्याच्या गाळ्याच्या डोक्यावर. खाली लोखंड कापतात, वर आम्ही जेवतो. घरगुती जेवण ॲपवरून लोकांपर्यंत पोचवणारी छोटीशी कंपनी. ज्यांना आपल्या हातचं विकायचंय त्यांच्या घरी जाऊन आम्ही आधी चाखायचं, पास करायचं, मगच त्यांचं नाव ॲपवर. चाखणारे आम्ही तिघं. मी, पेडणेकर आणि आमची साहेब निशा, जी वयाने आमच्या मुलींएवढी. नियम साधे. प्रत्येक पदार्थाचे तीन घास, मध्ये कोमट पाणी, आणि काही झालं तरी तोंड वाकडं करायचं नाही.

लोक म्हणतात, "ऐश आहे यार तुमची." मी म्हणतो, एका दिवसात चार घरची वांग्याची भाजी खा, मग बोल.

मला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

*

पेडणेकर वेंगुर्ल्याकडचा. वडील गिरणीत होते, हा आधी मसाल्याच्या कारखान्यात होता, तिथून आमच्याकडे आला. सोलकढीचा घोट घेऊन नारळ सकाळी खवलाय की आदल्या रात्री, हे सांगायचा. भाकरी चावून पीठ किती दिवसांचं, ते सांगायचा. एकदा नुसत्या भातावरून त्याने कुकरची शिट्टी बिघडल्याचं ओळखलं. हे शेवटचं मी वाढवलेलं आहे. बाकीचं खरं.

घाटकोपरला एका बेनकडे उंधियू चाखायला गेलो होतो. सासूबाई समोर बसलेल्या, सून आत. पेडणेकरने तीन घास खाल्ले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बेन, हे एका हातचं नाही."

"म्हणजे?"

"मुठिये एकीने केलेत, भाजी दुसरीने. आणि दोघींचं आज सकाळी वाजलेलं आहे."

आतून सून फिसकन हसली. तशा सासूबाई म्हणाल्या, "मार्क पछी द्या. आधी हिला सांगा, मुठिये कोणाचे चांगले होतात."

आज आमच्या ॲपवर एकाच पत्त्यावर दोन स्वयंपाकघरं आहेत. दोघींचं रेटिंग सारखंच आहे, आणि दोघी मला वेगवेगळा फोन करून दुसरीचं विचारतात.

*

परत येताना रिक्षात मी त्याला म्हटलं, "तुझ्या बायकोचं काय होत असेल रे? रोज परीक्षा."

तेव्हा त्याने सांगितलं. सुलभावहिनी रांधताना चाखतच नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने सांगितलं होतं, रांधणारीने चाखलं की अन्न उष्टं झालं. सासू गेली, नियम राहिला. त्यामुळे मुलुंडच्या त्यांच्या घरात पहिला घास पेडणेकरचा. वहिनी हातातली पळीसुद्धा खाली न ठेवता समोर उभ्या. "कसं झालंय?"

हा डोळे मिटणार, घास फिरवणार आणि निकाल देणार. "झकास. पण मीठ कणभर कमी." दुसऱ्या दिवशी ते कणभर बरोबर वाढलेलं असणार.

"ती माझ्या जिभेने रांधते, अव्या," तो म्हणाला.

मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेलेली. घरात दोघंच. "नाहीतर आम्ही दिवसभरात बोलतो काय? ती विचारते, मी सांगतो. मग त्यातूनच शेजारपाजार, पोरीचा फोन, बाकीचं सगळं निघतं. ते पहिलं विचारणं म्हणजे आमच्या घराचं दार आहे बघ."

मी म्हटलं, "मेल्या, माझ्या घरी पहिला घास घेतला तर हातावर पळी बसते."

*

मागच्या वर्षी पेडणेकरला ताप आला. चांगला मुक्काम करून गेला. तो कामावर आला त्या दिवशी स्वागत म्हणून मी त्याच्या कटिंगमध्ये मीठ घातलं. चिमूटभर नाही, दोन चमचे. हे माझं जुनं काम आहे. ऑफिसात एकही माणूस नाही ज्याला मी काही ना काही पाजलेलं नाही. तो फुर्र करून थुंकेल, मला मालवणीत चार शिव्या घालेल, खालचे लेथवालेसुद्धा वर बघतील, असा माझा हिशेब.

तो चहा प्यायला. शेवटपर्यंत प्यायला. ग्लास ठेवून म्हणाला, "बरं वाटलं रे. किती दिवसांनी गरम काहीतरी घशाखाली गेलं."

मला आधी हसू आलं. मग ते कुठे ठेवावं कळेना.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय घातलं होतंस?"

"मीठ."

"बरंच घातलं असशील, तुला ओळखतो ना." तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "वासपण गेलाय. डॉक्टर म्हणतो येईल, नाहीतर नाही येणार. गरम-थंड कळतं. मऊ-कडक कळतं. बस."

मी म्हटलं, "निशाला सांगू या."

"निशाला सांग, अख्ख्या साकीनाक्याला सांग. सुलभेला कळता नये."

"अरे, बायको आहे ती तुझी. ती काय तुला नापास करणार आहे?"

"नापास केलं तर चालेल रे," पेडणेकर म्हणाला. "ती विचारायची बंद होईल."

*

पण निशाला सांगितलं तर एखाद्या फोनवर ते मुलुंडला पोचायचं, म्हणून तिलाही न सांगता आम्ही खुणा ठरवल्या. टेबलाखाली माझा पाय त्याच्या पायावर. एकदा दाबला तर मीठ कमी, दोनदा तर तिखट जास्त, पाय बाजूला घेतला तर सगळं ठीक. काही दिवस झकास चाललं. निशाला वाटलं, पेडणेकर सर हल्ली फार विचार करून मार्क देतात.

बोरिवलीला एक आयटीतला मुलगा होता. नोकरी सोडून कोल्हापुरी रस्सा विकायचा त्याचा प्लॅन. गेलो तर घरात टेबलच नाही. खाली चटई, मांडी घालून बसायचं. पाय कुठून देणार? मी पेडणेकरच्या कानात म्हटलं, "खोकतो."

पहिलाच भुरका घेतला आणि वाट लागली. रस्सा असा जहाल की मला खराखुरा ठसका लागला. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, मी खोकतोय तो थांबतच नाही. इकडे पेडणेकर बिचारा मोजतोय.

शेवटी तो त्या मुलाकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "मीठ कमी आहे, तिखट जास्त आहे, परत मीठ कमी आहे, परत तिखट जास्त आहे, आणि बाकी सगळंच चुकलंय."

मुलाचा चेहरा पडला. निशा म्हणाली, "सर, मला तर फार आवडलं."

त्या मुलाला पास केला. खाली उतरताना पेडणेकर जिन्यात मध्येच थांबला. मग म्हणाला, "खरंच चांगला होता रस्सा?"

"फर्स्ट क्लास होता."

"कसा होता, सांग ना जरा."

मी आयुष्यभर बडबड केलेला माणूस. बोरिवलीच्या त्या जिन्यात मला एक शब्द सुचला नाही.

*

त्यानंतर पेडणेकर सगळ्यांना दहापैकी आठ द्यायला लागला. निशाने एकदा विचारलं, "सर, सगळ्यांना आठच कसे?"

"मॅडम, सगळेच जीव लावून करतात."

"मग दहा का नाही?"

"दहा दिले की माणूस विचारायचा थांबतो."

*

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एका मावशीकडे गेलो. मासळी सुकत घालत बसली होती, आम्हाला बघून उठलीसुद्धा नाही. "माझ्या म्हावऱ्याला मार्क देनारा तू कोन रं?"

निशाने इंग्रजीमिश्रित मराठीत प्रोसेस समजावली. मावशीने ती पूर्ण ऐकून घेतली आणि खाऱ्या बांगड्याचं कालवण आणून ठेवलं. मी घास घेतला तर जीभ जळाली. मासा भिजवून खार काढायचा असतो, तो तिने काढलाच नव्हता. मुद्दाम. चाखणाऱ्यांना चाखत होती बया.

मी पाय शोधेपर्यंत पेडणेकर बोलून गेला, "मावशी, मीठ अगदी बेताचं."

निशा तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेली होती म्हणून वाचलो. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. वाटी उचलून नेली, दुसरी आणली, नीट केलेल्या कालवणाची. मग त्याच्याजवळ खाली बसली.

"कवा गेली?"

"तापानंतर."

"परत येल."

"नाही आली तर?"

"आमचा म्हातारा दोन वर्सं तसाच खात व्हता. म्हावऱ्याला जीभ लागत नाय रं, काटा कुठं हाय तेवडं कळलं तरी बास." आणि माणूस मुलाला देतो तसा तिने काटे काढून मासा त्याच्या ताटात ठेवला.

निशा आत येऊन म्हणाली, "सर, किती?"

पेडणेकर म्हणाला, "हिला मी मार्क देत नाही."

*

खेळ संपवला तो पेडणेकरनेच. अंधेरीच्या एका ताईंनी मटकीच्या उसळीचा डबा ऑफिसात पाठवला होता. मला यायला उशीर झाला. मी पोचलो तोवर त्याने एकट्याने तीन घास खाऊन आठ देऊन टाकले होते. मी झाकण उघडलं आणि मागे सरलो. उसळ आंबली होती. वाटेतल्या उन्हात गेली असणार.

"काय रे?" त्याने विचारलं.

मी झाकण परत लावलं. त्याला कळलं. त्याला त्रास काही झाला नाही, पण तो तसाच उठला आणि निशाच्या केबिनमध्ये गेला. काच आहे मध्ये, मला सगळं दिसत होतं. तो उभा राहूनच बोलला. निशाही मग खुर्चीतून उठून उभी राहिली.

"उद्या असं कोणाच्या लेकराच्या पोटात गेलं असतं," तो तिला म्हणाला, असं तिनेच नंतर मला सांगितलं. राजीनामा द्यायलाच गेला होता.

तिने घेतला नाही. काचेतून माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सर, चाखायचं मी आणि हे बघतो. तुम्ही फक्त सोबत या. तुम्ही समोर बसलात की लोक बोलतात, आमच्याशी नाही बोलत." त्याने एकच अट घातली. घरून कधी फोन आला तर यातलं काही निघता नये. निशाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या नियमांतला एक नियम खोडून आली. आता चाखताना तोंड वाकडं करायला परवानगी आहे.

"पेडणेकर सरांना कळायला हवं ना," ती म्हणाली.

*

आता हा एकच किस्सा. याला मी काही लावलेलं नाही.

गेल्या महिन्यात रविवारी पेडणेकरने मला मुलुंडला जेवायला बोलावलं. बांगड्याची आमटी, भात, तळलेली तुकडी. वहिनींनी तिघांची ताटं वाढली. मी आपला त्यांच्या दारावरच्या तोरणापासून लिफ्टपर्यंत सगळ्याची टिंगल करत होतो आणि त्या हसत होत्या. चांगल्या दिसत होत्या. मला वाटलं, चला, निभावलंय याने.

"भावोजी, जरा थांबा हं," त्या मला म्हणाल्या. "आधी ह्यांना घेऊ द्या."

त्या पळी हातात धरून उभ्या राहिल्या. पेडणेकरने आमटीभात कालवला, घास घेतला. डोळे मिटले. घास इकडून तिकडे फिरवला, अगदी पूर्वीसारखा. मीसुद्धा बघतच राहिलो, इतकं बेमालूम करत होता.

"कसं झालंय?"

"झकास," तो म्हणाला. मग थोडा थांबला. नुसतं झकास म्हटलं तर संशय येईल, हे त्याला आता सवयीने कळत असणार. "पण सुलभा, मीठ आज कणभर जास्त पडलंय गं."

"हो का? बरं, उद्या बेताने घालते."

पळी ठेवून त्या जेवायला बसल्या. त्यावरून त्यांचं बोलणं सुरू झालं, मीठ कुठलं आणलं, वाण्याने हल्ली कंपनी बदलली, शेजारच्या जोशीणबाई त्याच वाण्याशी भांडल्या, पोरीचा सकाळी फोन आला होता. पेडणेकर हसत होता, मध्येमध्ये टोकत होता. दार चांगलं सताड उघडलं होतं.

मी पहिला घास घेतला.

आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. भातात नव्हतं. तुकडीचा कोपरा मोडून बघितला, त्यातही नव्हतं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या शांतपणे जेवत होत्या, तीच आमटी, तोच भात, मोठे मोठे घास घेऊन, सवय असल्यासारख्या. मग माझी नजर माझ्या ताटाकडे गेली. वरच्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, चिमूटभर मीठ वाढलेलं होतं. पेडणेकरच्या ताटात तिथे नुसतं लिंबू होतं. वहिनींच्याही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भावोजी, तुम्ही सांगा. खरंच जास्त झालंय का हो?"

पेडणेकरने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला.

"कणभर," मी म्हणालो, आणि ते मीठ तसंच ठेवून भात कालवला.