सागवानभाऊंनी मोटार कंपनी तपासली

आमचं घर आणि जागेश्वर भाऊजींचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची. त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की शिंका आमच्याकडे येतात, आणि आमच्याकडे भांडण झालं की सल्ला तिकडून येतो. तेव्हा मी जे सांगते आहे ते कान लावून ऐकलेलं आहे असं कुणी समजू नये. कान लावायची वेळच येत नाही.

भाऊजी वीज मंडळातून निवृत्त झालेले लाईनमन. पवनी तालुक्यातले निम्मे खांब त्यांच्या पायाखालून गेलेले. खांबावर चढण्याआधी लाईन बंद आहे का हे ते स्वतः बघत, दुसऱ्याला बघायला लावत आणि शिडीवरून पुन्हा एकदा ओरडून विचारत. सोबतची माणसं वैतागत, पण भाऊजी हातापायांनी धड निवृत्त झाले. असा हा माणूस तरुणपणी एका सागवान योजनेवर मात्र काहीच न बघता चढला. तुम्ही पैसे भरा, झाडं आम्ही लावतो, मुलगी लग्नाला येईतो लाकूड तयार, असं चकचकीत कागदावर छापलेलं होतं. मुलगी खुशबू मोठी झाली, लग्न होऊन नागपूरला गेली, तिची पोर शाळेत जायला लागली. सागवानाचं पान काही कुणाच्या नजरेस पडलं नाही. कंपनीच्या हापिसाला लागलेलं कुलूप तेवढं भाऊजी स्वतः जाऊन बघून आले.

तेव्हापासून त्यांचं नाव सागवानभाऊ. ठेवलं धनीरामनं, चौकातल्या पानठेल्यावाल्यानं, आणि गल्लीनं ते आनंदानं उचललं. नावाचं एक सोडा, पण त्यामागून विश्वासही गेला. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्रभर नाटक चालतं. मांडवाची सगळी वायरिंग भाऊजी फुकटात करून देतात. पण नाटकाच्या वर्गणीची थैली त्यांच्या हाती कधी कुणी दिली नाही. दिवे लावायला सागवानभाऊ, पैसे धरायला दुसरा कोणीही. ही गोष्ट त्यांना सलते. ते बोलत नाहीत, फक्त त्या दिवसांत पक्कड फार जोरात आवळतात.

घरातही तेच. रुखमाताई, म्हणजे त्यांची बायको, आमच्या बचत गटाची अध्यक्ष. कोंढ्याला माहेरी तिच्या वडिलांनी तिच्या नावानं ठेवलेला शेताचा तुकडा सरकारी नहरात, म्हणजे कालव्यात, गेला आणि त्याच्या मोबदल्याचे पैसे तिच्या खात्यात आले. भाऊजी तेव्हा मोबाईलवर शेअर बाजार बघायला लागले होते. मोटारगाड्या बनवणाऱ्या कंपनीत पैसे घालावे असं त्यांच्या मनानं घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, भंडाऱ्याच्या रस्त्यावर आता बैलबंडी कमी आणि मोटारी जास्त दिसतात. रुखमाताईनं त्यांच्याकडे बघितलं, जसं ती शिळ्या वांग्याकडे बघते.

पण ती नाही म्हणाली नाही. तिनं अट घातली.

"माह्या बापाची जमीन हाये ती. पयले मले समजावून सांगा का त्या कंपनीवर कर्ज किती हाये. मलेच नाही, मंगळवारी गटातल्या साऱ्या बायांले. इंग्रजी एक शब्द नाही पायजे. बायांले समजलं तर पैसे घ्या. नाही समजलं तर लोकं सागवान म्हणतीन तवा मी बी म्हणीन."

शेवटचं वाक्य भिंतीतून फार स्पष्ट ऐकू आलं. इतक्या वर्षांत रुखमाताईनं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. घरात तेवढी एक जागा भाऊजींना उरली होती.

मग काय, भाऊजी अभ्यासाला लागले. कंपनीत मालकांचं, म्हणजे शेअरवाल्यांचं, स्वतःचं भांडवल किती आणि उसनं आणलेलं कर्ज किती, याचा एक आकडा असतो. कर्जाला भांडवलानं भागायचं. एकाच्या बराच खाली असेल तर कंपनी आपल्या पायावर उभी, वर चढत गेला तर दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेली. हे त्यांनी आधी माझ्या नवऱ्याला समजावलं, मग दूधवाल्याला, मग धनीरामला. धनीरामनं पान लावता लावता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मोटारीत सागवानाचं लाकूड लागते का. भाऊजी पान न खाता परत आले.

दोन कंपन्या त्यांनी निवडल्या होत्या. पहिलीचा आकडा मोबाईलवर अगदी बारका दिसत होता. दुसरीचा दोनाच्या जवळ. दुसरीच्या गाड्या त्यांना मनापासून आवडायच्या, पण आवडीवर भाळायचं नाही असं ठरवून त्यांनी तिच्यावर काट मारली.

मंगळवारी समाजमंदिरात गटाची बैठक बसली. आषाढ, रोवणीचे दिवस. भाऊजी आले ते धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या घेऊन. ओल्या मुळांची माती सतरंजीवर गळत होती आणि आमची सचिव रक्षा त्या मातीकडे जीव मुठीत धरून बघत होती, कारण सतरंजी तिच्या घरची. भाऊजींनी एक जुडी इकडे ठेवली, दोन तिकडे. म्हणाले, शेताच्या बांधीत रोवायला आपले पऱ्हे एक जुडी आणि शेजाऱ्याचे मागून आणलेले दोन, तर धान पिकलं तरी आधी शेजारी दारात उभा राहणार. पाऊस दगा देऊन गेला तरी उभा राहणारच. अशी बांधी आपण घ्यायची का?

बाया म्हणाल्या, नाही. एक म्हणाली, पऱ्हे पिवळे पडले आहेत, हे कोणाच्याच बांधीत लावू नका. पण समजलं सगळ्यांना. रुखमाताईच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. भाऊजींनी छाती फुगवून जाहीर केलं की दुसरी कंपनी याच कारणानं त्यांनी टाकून दिली. ज्याच्याजवळ आपलं एक आणि लोकांचं दोन, तो बुडालाच समजा.

तेवढ्यात रक्षानं सतरंजीवरची नजर वर केली. ती अगदी साध्या सुरात म्हणाली, "भाऊजी, आपल्या गटाची बचत एक पट अन् बँकेचं कर्ज तिच्या चौपट हाये. मंग आमी का बुडलो काय?"

बाया एकदम रुखमाताईकडे बघायला लागल्या. त्या कर्जावर सही तिची होती. भाऊजींनी सगळ्या गटासमोर, पिवळ्या पऱ्ह्यांच्या साक्षीनं, आपल्याच बायकोला दिवाळखोर ठरवलं होतं. मी तोंडाला पदर लावून बसले होते, पण ते हसू दाबायला.

रुखमाताई एवढंच म्हणाली की बैठकीचा पुढचा विषय घ्या. भाऊजी जुड्या उचलून निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पानठेल्यावर पोचली. धनीराम गिऱ्हाइकांना सांगत होता की सागवानाला आता पऱ्हे फुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज. मग भाऊजींनी विचारलं. आवाज पडलेला, पण प्रश्न खरा होता.

"रुखमा, बँकेचं येवढं कर्ज तुह्या सहीवर हाये. मंग तुले झोप कशी येते?"

"काहून नाही येणार? तो पैसा का माह्या चुलीत हाये? रक्षाच्या मशीनीत हाये, रेणूच्या म्हशीत हाये. त्या बाया दर मंगळवारी हप्ता आणून देतेत, मी बँकेत भरतो. घरच्या पैशाचा अन् गटाच्या पैशाचा संबंध काय?"

रेणू म्हणजे मी. माझी म्हैस अशी पुराव्याला उभी राहील असं मला वाटलं नव्हतं.

पलीकडे स्टीलचा ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज, आणि भाऊजी स्वतःशीच म्हणाले, "मंजे एका खांबावरून दोन मीटर."

त्यांचं सगळं आयुष्य अशा खांबांवर गेलेलं. एकाच माणसाचं घर आणि त्याचीच धानगिरणी, एका खांबावरून दोन जोडण्या. दोन्ही बिलं एकत्र करून बघितली तर वाटेल, या घरात दिवसरात्र हत्ती दळतात की काय. मीटर वेगळे करून बघावं लागतं. घराचा खप घराच्या मापानं, गिरणीचा गिरणीच्या मापानं. आपण मोबाईलवर बघितला तो आकडा दोन मीटरची बेरीज तर नव्हता, ही शंका त्यांना तिथं ओट्याजवळ आली.

मग त्यांनी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मोबाईलवरचा आयता आकडा सोडला आणि काट मारलेल्या त्या दुसऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, मध्ये खुशबूला नागपूरला फोन, असं बरेच दिवस चाललं. निघालं ते असं. त्या मोटार कंपनीच्या पोटात आणखी एक कंपनी होती, गाडी घेणाऱ्यांना कर्ज देणारी. ती बँकांकडून पैसे घ्यायची आणि गिऱ्हाइकांना वाटायची, थेट आमच्या गटासारखी. मोठं कर्ज सगळं तिचं. एकत्रित हिशेबात ते मोटार कंपनीच्या डोक्यावर दिसत होतं. अहवालात गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचा वेगळा हिशेबही दिलेला होता, आणि तिथं कर्ज जेमतेम भांडवलाच्या दहाव्या हिश्श्याएवढं.

आता दुसरा कोणी असता तर नाचत सुटला असता. भाऊजी शिडीवरून पुन्हा ओरडून विचारणारे. त्यांनी विचार केला की रुखमा पुढं काय विचारेल, आणि त्याचंही उत्तर शोधून ठेवलं.

पुढच्या बैठकीला ते पऱ्ह्यांशिवाय आले, म्हणून रक्षानं सतरंजी अंथरली. समाजमंदिराच्या फळ्यावर त्यांनी खडूनं एक खांब काढला आणि खांबाखाली दोन मीटर. आधी सरळ सांगून टाकलं की मागच्या खेपेला मी चुकलो, आपला गट बुडलेला नाही आणि ती कंपनीही नाही. मग एकेक मीटर वाचून दाखवला. बायांच्या माना हलायला लागल्या. दोन मीटरचं गणित पवनीत कुणाला समजवावं लागत नाही, बिल सगळ्यांनाच येतं.

रुखमाताई उठली आणि फळ्यापाशी गेली. दुसऱ्या मीटरवर तिनं बोट ठेवलं.

"गाडीवाल्यायनं हप्ते नाही भरले तर?"

"तर हा मीटर जळन," भाऊजी म्हणाले, "अन् आग पहिल्याले बी लागन. दोन हायेत म्हणून सुटका नाही. म्हणून मी थकलेले हप्ते बी पायले. शंभरातले दोनच रुपये अडकले हायेत, अन् मागच्या तीन वर्षांत ते कमीच होऊन राहिले. दरसाल पाहा लागन. ज्या साली वाढतीन त्या साली मी स्वतः तुले सांगीन."

रुखमाताईनं फळ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. आज नजर वांग्याची नव्हती. ती बायांकडे वळली आणि म्हणाली, "समजलं का साऱ्यायले?"

समजलं होतं. एकीनं तर विचारलं की आम्हालाही यात घेता का. त्यावर भाऊजी म्हणाले की नाही, ज्यानं त्यानं आपला मीटर आपण वाचायचा. मला तेव्हाच कळलं की सागवान आता पुरतं उतरलं.

रुखमाताईनं नहराच्या पैशातला चौथा हिस्सा दिला, आणि तो भाऊजींनी आपल्या आवडत्या दुसऱ्या कंपनीतच घातला. बाकीचा तिनं बँकेत ठेवला, कारण ती रुखमाताई आहे. भाऊजींना तो चौथा हिस्सा अख्ख्या पवनीएवढा वाटला. घरी जाताना ते तिच्या दोन पावलं पुढं चालत होते, आणि ती त्यांना चालू देत होती.

शेअर वर गेला की खाली, हे मला विचारू नका. दोन्ही झालं. भाद्रपदात भाव पडला तेव्हा धनीराम मुद्दाम दारापर्यंत बातमी द्यायला आला. भाऊजींनी त्याला बसवलं, चहा दिला आणि विचारलं की कारखान्याचं कर्ज वाढलं का, हप्ते थकले का. धनीरामला काय माहीत. मग भाव पडला म्हणून माझी झोप कायले जाईन, म्हणाले, आणि त्याला फळ्यावरचा सगळा खांब पुन्हा कागदावर काढून दाखवला. धनीराम कागद घडी करून खिशात घालून गेला.

यंदा मंडईची बैठक धनीरामच्याच ठेल्यासमोर झाली. नाटकाची वर्गणी कुणाकडे ठेवायची हा विषय निघाला, आणि दरवर्षीसारखे सगळे इकडेतिकडे बघायला लागले. धनीरामनं पानाला चुना लावता लावता मान वर न करता म्हटलं, "जागेश्वरभाऊंकडे द्या. तो माणूस पैसा दोन मीटरनं मोजते."

थैली हातात आली तेव्हा भाऊजींनी ती आधी उघडून आत बघितली, मग शेजारच्याला बघायला लावली. त्याच दुपारी त्यांनी मांडवाची वायरिंग केली, आणि पक्कड इतकी हलकी चालली की पहिल्या रात्री दोन दिवे सैल निघाले. नाटकातला राजा अंधारात मेला. पण खजिनदाराला कोण बोलणार.