शिवेपलीकडचा कौल

देवाला विचारल्याशिवाय आमचे आतोबा कधी शिंकले असतील, असं मला वाटत नाही. तीस वर्षं बोटीवर बटलरकी करून, निम्मं जग पाहून रत्नागिरीला परतलेला हा माणूस. पण खाडीकाठच्या ग्रामदेवाचा कौल घेतल्याशिवाय दाढीलासुद्धा बसायचा नाही. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक नि डावीकडे एक अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आपण हात जोडून उभं राहायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लोक लग्न, जमीन, आजारपण असलं काही विचारतात. आतोबा सुरमई विचारून घेत. एकदा डावी पडली म्हणून दारात आलेली ताजी फडफडीत सुरमई त्यांनी परत पाठवली, तेव्हा आत्येनं दोन दिवस नुसतं कुळथाचं पिठलं वाढून सूड उगवला. पुढचे दोन दातही त्यांनी उजवा कौल मिळाला म्हणून काढून घेतले होते. ते दुखत नव्हते. मी त्यांना तोंडावर म्हणायची, देवाला दुसरे उद्योग नाहीत काय? ते त्या खिंडीतून हसायचे.

पण एका गोष्टीनं माझं तोंड बंद झालं. शेजारच्या म्हातारीला हापूसचा भारी सोस. आंबे पिकले की तिला डझनभर देऊ का, असं आतोबांनी ऐन चैत्रात विचारलं. डावी पडली. दुसरा कोणी असता तर गप्प घरी बसला असता. हे त्या वयात झाडावर चढले, कैऱ्या काढल्या, आणि त्याच संध्याकाळी टोपली तिच्या ओटीवर नेऊन ठेवली. म्हातारीनं लोणचं घातलं, बोटानं चाखलं, मीठ कमी आहे म्हणाली, आणि आंबे उतरायच्या आत गेली. तेव्हापासून आतोबा देवळाकडून येताना दिसले की वाडीतल्या बायका दारं लोटून घेत. मी इंग्रजीची मास्तरीण, भुताखेताला न मानणारी. पण मीसुद्धा त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायची.

अशा माणसाला जिनिव्हाहून पत्र आलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. वाचायला अर्थात मलाच बोलावलं. बोटीवर असताना एका मडमेच्या तापानं फणफणलेल्या मुलाला आतोबांनी अकरा दिवस मांडीवर घेऊन जगवलं होतं. त्या बाईनं लिहिलं होतं, तुमच्या नातीच्या शिक्षणाचा सगळा भार माझा. आमच्या शहरात देशोदेशीच्या मुलांच्या तीन शाळा आहेत, तिन्हींची माहितीपुस्तकं सोबत पाठवते. निवड तुम्ही करा आणि महिनाअखेर कळवा, नाहीतर जागा जाईल. नात म्हणजे कुमुद, बारा वर्षांची. आई तिच्या बाळंतपणात गेलेली, बापानं दुसरा संसार मांडलेला. वाढवली ती आतोबा नि आत्येनं. इतकी हुशार पोर मला वर्गात पुन्हा मिळाली नाही. आत्या म्हणाली, एवढ्या लांब कशाला मेलं ते? कुमुद नकाशांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपू लागली.

आतोबा अर्थातच देवळात. गाऱ्हाण्यात परदेशातली शाळा घालताना गुरवाची जी त्रेधा उडाली, ती बघून मला पदर तोंडात कोंबावा लागला. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरानं जी काय तळ्याकाठची, पिवळ्या पुस्तकातली साळा..." आतोबा गंभीरपणे "होय म्हाराजा" म्हणत होते. पहिल्या दिवशी पिवळी शाळा विचारली, दुसऱ्या दिवशी निळी, तिसऱ्या दिवशी हिरवी. एकही पाकळी पडली नाही. एरवी ओल सुकली की संध्याकाळच्या आत एक तरी खाली येतेच. या सहाच्या सहा वाळून काळ्या पडल्या तरी पाषाण सोडीनात. तिसऱ्या दिवशी माझं हसू कुठल्या कुठे गेलं. गाभाऱ्यात मरणाचा उकाडा होता आणि माझे हात गार पडले होते. शेवटी गुरव हळूच म्हणाला, "देव रुसला नाय. त्याला ठावं नाय. त्याची सत्ता शिवेपर्यंत. हातखंब्यापल्याडचं त्याला विचारू नये."

झालं! जन्मात पहिल्यांदा आतोबांना स्वतःच्या मनानं ठरवायची पाळी आली. मी तीन दिवस घसा कोरडा करून वाचलं, इथं चार भाषा, तिथं प्रयोगशाळा, तिकडे बर्फावरचे खेळ. ते ऐकतच नव्हते. तिन्ही पुस्तकांतले जेवणघराचे फोटो शेजारी शेजारी मांडून भिंग लावून बसले होते. मग म्हणाले, "हा वाढपी बशीकडं बघतो. हा फोटोवाल्याकडं. आणि हा हिरव्यातला बघ गो, पोरीच्या तोंडाकडं बघतो. वाढणारा तोंडाकडं बघतो तिथं पोर उपाशी नाय ऱ्हात." मी कपाळावर हात मारला आणि हिरवी शाळा म्हणून मडमेला पत्र लिहिलं.

ते टपालात टाकायला सकाळी दोघं निघालो, तर आतोबा वाटेत देवळाकडे वळले. गुरवाकडून त्यांनी पाकळ्या लावून घेतल्या, त्याला बाहेर जायला सांगितलं आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं, शाळेचं नव्हे. "हे तुझ्या शिवेतलं हाय, देवा. पोर शिकून परत येईल, तेव्हा तिला बघायला मी असेन काय?"

जोडलेले हात छातीशी जायच्या आत डावी पाकळी पडली. वारा नव्हता. समईची ज्योत हललीसुद्धा नाही.

आतोबांनी ती उचलली, कोटाच्या खिशात ठेवली, बाहेर येऊन गुरवाला सांगितलं, "उजवी." मग घरी आत्येला तेच, कुमुदला तेच. देवळातून टपालाकडे जाताना मी रडायच्या बेताला आले होते. ते एवढंच म्हणाले, "विचारलं ते माझ्यापुरतं होतं. तिच्या शाळेशी त्याचा काय संबंध? तू गप ऱ्हा." आणि पत्र स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं.

पुढे महिनाभर नातीला काटा-सुरी धरायला शिकवली, बांगड्यावर. कुमुद मुंबईच्या बोटीनं गेली, आणि आतोबा पुन्हा कौलाला उभे राहिले नाहीत. हवी ती सुरमई आणत. वाडीला याचीच जास्त भीती वाटली. कुमुदच्या पहिल्या पत्रात होतं की जेवणघरातला म्हातारा मला नावानं हाक मारतो, नको म्हटलं तरी वाढतो. ते वाक्य मी त्यांना किती वेळा वाचून दाखवलं, देव जाणे. चौथ्या वर्षी, एका दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

कुमुद परतली तेव्हा त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांची बोटीवरची ट्रंक आम्ही दोघींनी उघडली. तळाशी हिरवं पुस्तक होतं, आणि जेवणघराच्या फोटोवर एक वाळलेली पाकळी. कुमुदनं ती तळहातावर घेतली. "मावशी, ही त्या दिवसाची ना? आजोबा म्हणायचे उजवी पडली म्हणून."

खिडक्या बंद होत्या, तरी माझे हात पुन्हा तसेच गार पडले.

"उजवीच," मी म्हटलं. "मी होते ना तिथं."

तिनं ती जपून परत त्याच पानात ठेवली. मी देवाला मानत नाही. पण त्या संध्याकाळी देवळावरून घरी जाताना मान काही वर झाली नाही.