हाडांची पिशवी

माझी शाळा चौथीला सुटली. नंतर थोडी शाळा मुलीने माझ्याकडून करून घेतली, तीही अर्धवट राहिली. तेवढं एक मला लागून राहिलंय.

आमचे हे फौजेत सुभेदार. पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळीबार व्हायचा, त्या काळात आम्ही चंडीमंदिरच्या क्वार्टरमध्ये होतो. मुलगी छावणीतल्या शाळेतून बारावी झाली आणि चंडीगडला मेडिकलला तिचा नंबर लागला. साताऱ्याकडच्या आमच्या दोन्ही घरांत तोवर कुणी कंपाउंडरसुद्धा झालं नव्हतं.

ती हॉस्टेलला राहायची. शनिवारी दुपारच्या बसने घरी यायची. अंधार पडल्यावर बसचा भरवसा नसे. पहिल्या वर्षाला हाडं शिकावी लागतात आणि तेव्हा खऱ्या माणसाची हाडं मिळायची. पटियाल्याला शिकणाऱ्या एका मुलीने आपल्याकडची हाडं तिला परीक्षा होईपर्यंत वापरायला दिली होती. खताच्या रिकाम्या पिशवीत ती घालून मुलगी पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला दारातच अडवलं.

"मढ्याला शिवून आलीस. आधी आंघोळ."

"आई, मी रोज मढ्यालाच शिवते. किती आंघोळी करू?"

"तिकडं काय करायचं ते कर. इथं माझी चूल आहे."

थंडी मरणाची होती. हे खाटेवरून म्हणाले, "अगं, डॉक्टर व्हायच्या आधी न्यूमोनियाने जाईल पोरगी."

तो नियम फार टिकला नाही. मीच मोडला. मोठ्याने म्हटल्याशिवाय अभ्यास तिच्या डोक्यात शिरत नसे आणि ऐकायला घरात मी एकटीच. रविवारी सकाळी मी भाकरी थापत असायचे आणि ती पाटावर बसून एकेक हाड काढायची. हे खांद्यापासून कोपरापर्यंतचं. या चरातून एक नस जाते. कोपर आपटल्यावर मुंग्या येतात ना, ती वेगळी, ती इथून खालून जाते. पुढं पुढं तिने मलाच कामाला लावलं.

"हात धू. डोळे मीट. सांग, डाव्या हाताचं की उजव्या?"

मी चाचपून सांगायचे. आधी चुकायचे, मग कळायला लागलं. बरोबर आलं की "पास!" असं ओरडायची, शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू जाईल एवढ्याने. चौथीलाही मला कुणी एवढ्या मोठ्याने पास म्हटलं नव्हतं. खांद्यापासून सुरू करून आम्ही मनगटापर्यंत आलो होतो.

एकदा मी विचारलं, "ही बाई का बाप्या?"

"बाई," ती मान वर न करता म्हणाली.

बाई म्हटल्यावर मला ती खताची पिशवी बरी दिसेना. कुणाची कोण, मेल्यावर युरियाच्या पिशवीत फिरते. मी ह्यांचे दोन जुने वर्दीचे शर्ट काढले आणि मशीनवर चांगली जाड पिशवी शिवली. आत माझ्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं. छावणीत जुनी वर्दी कुणी टाकत नसे. पिशव्या, उशांचे अभ्रे, पायपुसणी, सगळं त्याचंच. जुनी वर्दी बाहेर जाऊ देऊ नका, भलत्या हातात पडते, असा हुकूम निघाला होता. ह्यांनी तो घरी सांगितलाही होता. पण हुकूम भंगारवाल्यासाठी आहे, पिशवी शिवली की ती वर्दी राहत नाही, असं क्वार्टरमधल्या सगळ्या बायकांचं मत होतं. ह्यांचंही असावं. गुंड्या त्यांनीच काढून दिल्या.

तोंडी परीक्षेआधी ती घरी अभ्यासाला आली होती. परीक्षेच्या सकाळी मी सोबत निघाले, तिला कॉलेजात सोडून परत येणार होते. पिशवी तिच्या मांडीवर. हॉस्टेलच्या मैत्रिणी शेवटची उजळणी त्याच हाडांवर करणार होत्या. बसमध्ये मी विचारत होते, ती सांगत होती.

मनीमाजऱ्याच्या नाक्यावर शिपायांनी बस थांबवली. सगळे खाली.

"बीबी जी, थैले विच की ए?"

"हड्डियाँ हैं जी," मुलगी म्हणाली.

"किसदियां?" कुणाची, म्हणून शिपायाने विचारलं.

"पता नहीं जी."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. शिपायाने पिशवी ताडपत्रीवर रिकामी केली. हाडं पाहून तो दचकला, पण त्याची नजर खिळली त्या कापडावर. त्याने खिसा पाहिला, अस्तर उलटलं, आत ह्यांचा फौजेतला नंबर छापलेला होता तो वाचला. फौजेची वर्दी घालून बस थांबवणारे अतिरेकी त्या दिवसांत होते. तो त्याचं काम करत होता. आज मी त्याला बोल लावत नाही. त्या दिवशी मात्र मराठीत पुष्कळ बोलले.

बस आम्हाला सोडून गेली. आम्हाला तंबूत बसवलं.

"सर, मेरा वायवा है," मुलगी म्हणत राहिली.

"साहब नू आन दे, बेटा."

साहेब आले, युनिटला फोन झाला. हे रस्त्याच्या ड्यूटीवर लांब गेलेले. ते येईपर्यंत दुपार झाली. ह्यांनी पिशवीवरचा आपला नंबर पाहिला आणि मान खाली घातली. पिशवी तिथेच ठेवून घेतली गेली. हाडं मी माझ्या शालीत गोळा केली. गुडघ्याची एक वाटी काही सापडली नाही.

तिला गैरहजर धरलं. सहा महिन्यांनी पुन्हा बसली, पास झाली, पण तोवर तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि ही मागच्या मुलांत एकटी पडली. माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. हाडं मात्र तिने पुन्हा घरी आणली नाहीत. हाडं हॉस्टेलवर, म्हणून अभ्यास हॉस्टेलवर, म्हणून शनिवारीही तीच हॉस्टेलवर. "पुढच्या वेळी पक्का येते, आई." पिशवी शिवल्याचा मला पस्तावा नाही, जाड कापड घरात तेच होतं. हाडांवाचून ये, एवढं म्हणायचं मला सुचलं नाही, त्याचा आहे.

आता ती पुण्यात मोठी डॉक्टर आहे. परवा माझ्या गुडघ्याचा फोटो काढला. तिने तो उजेडावर धरला आणि तिच्या हाताखालच्या डॉक्टरला इंग्रजीत काही सांगू लागली. मी बोट लावून म्हटलं, "ही वाटी. त्या बाईची राहिलीच आपल्याकडून."

"कुठल्या बाईची?"

"तुझ्या हाडांच्या. मनीमाजऱ्याला सांडली ती."

तिने फोटो पाकिटात घातला. मग म्हणाली, "आई, ती बाई होती की कोण, मला तेव्हा कुठं ओळखता येत होतं? तू विचारलंस म्हणून काहीतरी सांगितलं."

"असू दे," मी म्हटलं.

तिने मला रिक्षात बसवलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, जिना चढू नकोस. मनगटाच्या पुढची हाडं राहिलीत आपली, असं मी म्हणणार होते. पण तिचे पेशंट खोळंबले होते, आणि रिक्षावाल्याने मीटर टाकला होता.