गुराबच्या अकरा चिठ्ठ्या

“उद्या हरताळ आसा, मास्तर. फॉर्म आज दोन वाजता चढतलो म्हणजे चढतलो,” तुकारामदादा म्हणाले आणि शेवटचं प्रूफ त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

ते लालबागच्या छापखान्याचे फोरमन. मी एका अरबी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयातला सहायक, नोकरीला दीड वर्ष झालेला. फॉर्म म्हणजे आठ पानांचे जुळवलेले खिळे एका लोखंडी चौकटीत आवळून बसवलेले. तो मशीनवर चढला की छापूनच उतरतो. प्रुफावर संपादकांची ‘छापा’ अशी सही झालेली होती. मी फक्त सोबत आणलेल्या चिठ्ठ्यांशी ते एकदा ताडून पाहायचं, एवढंच काम होतं.

त्या फॉर्ममध्ये ‘गुराब’ हा शब्द होता. गुराब म्हणजे कावळा. पण जुन्या अरबीत नुसत्या कावळ्यावर भागत नाही. कुऱ्हाडीची धार म्हणजे गुराब, डोक्याची मागची बाजू गुराब, पिलूच्या झाडाच्या फळांचा घोस गुराब, घोड्याच्या पुठ्ठ्यावर दोन्ही अंगांना हाडाची कड येते तीही गुराब. आपल्या आरमारातलं गुराब हे जहाजसुद्धा मूळचं तेच. आमच्याकडे प्रत्येक अर्थाची वेगळी चिठ्ठी असे. तिच्यावर शब्द, अर्थ, तो कुठल्या जुन्या ग्रंथात कितव्या पानावर आहे ते, आणि तळाला ‘पाहिले’ असं लिहून सही. ‘पाहिले’ म्हणजे ते पान मी स्वतः उघडून वाचलं. संपादक पारकर सरांचा हा एकच नियम होता आणि त्यात कुणालाही सूट नव्हती.

गुराबच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. नववीवर अर्थ होता ‘गारा’. तळाला माझी सही. आणि ते पान मी पाहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं, की ग्रंथ फोर्टातल्या एका लायब्ररीत होता आणि तिथे मोर्चावर गोळीबार झाल्यापासून लायब्ररीला कुलूप होतं. अर्थ मला कॉलेजपासून पाठ होता, पानाचा आकडा जुन्या वहीत सापडला. लायब्ररी उघडली की बघून घेऊ, असं म्हणून मी ‘पाहिले’ लिहून टाकलं. चिठ्ठी गठ्ठ्यात गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली. आता प्रुफावर ती ओळ दिसली आणि सगळं आठवलं.

“दादा, ह्यातली एक ओळ काढायला हवी.”

“सायबांनी सही केल्यानी हा. त्यांची चिठ्ठी घेवन येवा, मगे काढतंय. दोनच्या आत.”

साडेअकरा वाजले होते. आमच्या कार्यालयाखाली एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे फोन होता. पण छापखान्यात सगळ्यांच्या देखत हे फोनवर सांगायची हिंमत मला झाली नाही. मी चिठ्ठ्या पिशवीत घातल्या आणि गिरगावाकडे चालत निघालो. दगडफेकीमुळे बस आजपासूनच बंद होत्या.

माझी भीती नुसती नोकरीची नव्हती. आम्ही घोडपदेवच्या चाळीतले, वडील गिरणीत. शाळेत संस्कृतच्या मास्तरांनी मला वर्गात घ्यायचं टाळलं, म्हणून मी फारसीच्या वर्गात जाऊन बसलो आणि पुढे अरबीला लागलो. पारकर सरांनी मला नेमलं तेव्हा एका विश्वस्तांनी त्यांना विचारलं होतं, “ह्याला जमेल का?” सर म्हणाले होते, “जबाबदारी माझी.” हे मला नंतर शिपायाकडून कळलं. वाटेत सारखं तेच आठवत होतं.

भायखळ्याला पुलापाशी पोलिसांच्या लॉऱ्या उभ्या होत्या. रस्त्यावर दगड पडलेले. एका हवालदाराने पिशवी उघडायला लावली.

“पत्रकं काय रे?”

“नाही, शब्दकोशाचं काम आहे. अरबी लिपी आहे.”

“ह्यात काय लिहिलंय?”

“कावळा.”

“आणि ह्यात?”

“कावळाच.”

त्याने तिसरी चिठ्ठी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि ठेवून दिली. “एका कावळ्याला एवढे कागद? बस तिथे. साहेब येऊ दे.”

साहेब यायला पाऊण तास लागला. मी फुटपाथच्या कडेला बसून समोरच्या दुकानातलं घड्याळ बघत होतो. इन्स्पेक्टरने चिठ्ठ्या चाळल्या, मराठी अर्थ वाचले आणि जा म्हणून हात केला.

खोताच्या वाडीच्या तोंडाशी आमचं दोन खोल्यांचं कार्यालय. पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. पारकर सर मूळ रत्नागिरीकडचे, साठीच्या पुढचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. भिंग घेऊन वाचत बसले होते. मी नववी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

“सर, हे पान मी पाहिलं नव्हतं.”

त्यांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली. “मग ‘पाहिले’ का लिहिलंत, जाधव?”

“अर्थ माहीत होता. लायब्ररी बंद होती.”

“बंद होती तर ‘बंद आहे’ असं लिहायचं होतं.”

फॉर्म दोनला चढणार आहे आणि दादांना त्यांच्या हातची चिठ्ठी हवी आहे, हे मी सांगितलं. ते उठले, जिना उतरून दवाखान्यात गेले आणि छापखान्याला फोन लावला. मी दारात उभा होतो. “तुकाराम, माझा आवाज ओळखतोस ना? मग चिठ्ठी राहू दे. फॉर्म चढवू नकोस.” कारण त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, आता मला घरी जायला सांगतील. ते म्हणाले, “जेवलात का?” मी नाही म्हणालो. ते वर गेले.

लायब्ररी उघडली त्या दिवशी सर माझ्याबरोबर आले. माझ्या आकड्याचं पान उघडलं. त्यावर गुराब नव्हताच, दुसरेच शब्द होते. सर एकेक पान मागे जात राहिले आणि शेवटी सापडलं. अर्थ बरोबर होता, गाराच. पान चुकलं होतं, कारण माझी वही दुसऱ्या आवृत्तीवरून झाली होती.

“अर्थ बरोबर आहे, सर,” मी म्हणालो. बरं वाटलं होतं, ते लपवता आलं नाही.

“वाचणाऱ्याने हे पान उघडलं असतं तर अर्थ आपण घरी बनवला असंच म्हणाला असता,” ते म्हणाले. “आता तुमच्या बाकीच्या चिठ्ठ्या काढा.”

त्या सहाशेच्या वर होत्या. रोज दुपारी मी ग्रंथ उघडून धरायचो, सर भिंगाने वाचायचे आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही करायचे. सगळ्या बरोबर निघाल्या. मला त्याचा आनंद होईना. दर बरोबर चिठ्ठीगणिक लाजच वाटायची, कारण त्यांचा एकच धड डोळा माझ्यापायी शिणत होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे नव्या चिठ्ठ्यांवरही दोन सह्या पडत राहिल्या. चारेक महिन्यांनी सरांकडून एक गठ्ठा परत आला, त्यावर माझी एकट्याची सही.

“सर, तुमची सही राहिलीय.”

“राहिलेली नाही,” ते म्हणाले. “छापखान्यात देऊन या.”

मी गठ्ठा पिशवीत घातला आणि लालबागला गेलो.

त्यानंतर मी तीस वर्षं कोशाचंच काम केलं. हाताखाली आलेल्यांना मी एवढंच सांगायचो, की जे माहीत नाही ते माणूस उठून बघतोच. जे पाठ आहे, त्याच्यासाठी आधी उठा.