मरीआईच्या गाड्यातली गोधडी

कडुलिंबाचा पाला जळाल्याचा वास आला की मला पटकीचं, कॉलऱ्याचं साल आठवतं. गावावरची पीडा जावी म्हणून आम्ही मरीआईचा गाडा सजवला. त्यात निवद ठेवला, मेलेल्यांचे कपडे ठेवले. मी माझ्या पटकीनं गेलेल्या लेकीची गोधडी ठेवली, न धुतलेली. सगळ्या गावानं गाडा ओढत शेजारच्या बंजारा तांड्याच्या शिवेत नेऊन सोडला. "आता मागं बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई, न्हाईतर पीडा परत येती," पुजारी म्हणाला. तेवढ्यात मागून तांड्यातल्या एका बाईची हाक आली, "बाई, ही गोधडी नेऊ का? लेकरू कुडकुडून राहिलं." मी चालत राहिले. पुढं गावात कोणी दगावलं नाही. तांड्यावर पहिलं तिचं लेकरू गेलं. त्या साली गाव कसं एक झालं होतं, हे लोक आजही कौतुकानं सांगतात. मीही मान डोलावते.